तलफेची वीस मिनिटं आणि हातातलं पेन

पत्र: वय ४३. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो, साखर कारखान्यात नोकरीला आहे. व्यसनमुक्ती केंद्रात पस्तीस दिवस राहून आलो, त्याला चार महिने झाले. तेव्हापासून थेंब घेतलेला नाही. दिवस कसाही निघतो, पण संध्याकाळचे सात वाजले की जीव कासावीस होतो. केंद्रात ध्यानाला बसवायचे, पण माझे डोळे मिटले की समोर ग्लासच येतो. आठवीतल्या मुलीनं मोबाइलवर नक्षीचं ध्यान दाखवलं, झेनटँगल म्हणतात त्याला. दोन-तीनदा काढलं, बरं वाटलं. पण मला चित्रकला येत नाही आणि हातही थोडा थरथरतो. बायको म्हणते, "पोराटोरांची कामं ही, यानं दारू सुटते होय?" आणखी एक. गुरुवारच्या एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायला एसटीनं तास लागतो. चित्रानं भागत असेल तर मीटिंग बंद केली तर चालेल का?

उत्तर:

नमस्कार. शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मीटिंग बंद करू नका. चित्रानं दारू सुटत नाही, तुमच्या पत्नींचं तेवढं म्हणणं खरं आहे. चित्र कामाला येतं ते तलफ उठल्यापासून ती ओसरेपर्यंतच्या वेळात. तिला खतपाणी मिळालं नाही तर ती बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत चढते आणि उतरते. तुमच्यासारख्या चार महिन्यांच्या माणसाची घसरण अशाच एखाद्या अर्ध्या तासात होते, म्हणून तेवढा वेळ निभावून नेण्याचं साधन हाताशी असणं मोलाचं आहे. पण ते तेवढ्याच वेळापुरतं.

डोळे मिटले की ग्लास दिसतो, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. पुष्कळांचं तसंच होतं आणि ते कमी मनोबलाचं लक्षण नव्हे. तलफ सुरू होते एखाद्या किरकोळ विचारानं. वेळ, वास, रस्त्यावरचं एखादं वळण, पगाराची तारीख, काहीही पुरतं. पुढचं काम मन करतं, ते त्या विचाराचं चित्र रंगवायला लागतं. (त्या चित्राचं वर्णन इथे मुद्दाम करत नाही, तुम्हाला ते पाठ आहे.) चित्र जितकं ठसठशीत, तितकी तलफ जोरात. डेव्हिड कॅव्हॅना, जॅकी अँड्रेड आणि जॉन मे या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हीच मांडणी सविस्तर केली, आणि पुढच्या प्रयोगांत तिची परीक्षा झाली. चॉकलेटची इच्छा उठलेल्या लोकांना मातीचे आकार करायला दिले, काहींना दोन-चार मिनिटं टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. इच्छा नाहीशी झाली नाही, पण तिची तीव्रता खाली आली. कारण डोळ्यांपुढे आकार मांडण्याची मनाची ताकद मर्यादित असते. ती नक्षीत गुंतली की ग्लास रंगवायला उरत नाही.

डोळे मिटून बसण्यात नेमकी हीच जागा मोकळी राहते. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत डोळे उघडे ठेवून, हात चालवत केलेलं ध्यान अनेकांना जास्त झेपतं. पुढे कधी डोळे मिटून बसता आलं तर उत्तमच.

आता मर्यादाही ऐका. हे प्रयोग काही मिनिटांचे आहेत. नक्षी काढून माणूस वर्षानुवर्षं कोरडा राहतो, असं त्यांनी सिद्ध होत नाही. चित्रकला येत नाही, या अडचणीवर मात्र एक दिलासा आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं चित्र, कोलाज, माती यांपैकी हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले: सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते उतरलं, आणि आधी चित्रकला येत होती की नव्हती यानं फरक पडला नाही. ही माणसं व्यसनमुक्तीतली नव्हती, हे ध्यानात ठेवा.

झेनटँगल ही पद्धत अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या जोडप्यानं बसवली. नाव त्यांच्या मालकीचं आहे, पण रेघा कुणाच्याच मालकीच्या नाहीत. त्यांचे तयार कागद आणि पेटी मागवायची गरज नाही. घरात आधीच पैशावरून बोलणं होत असेल, तर मुळीच मागवू नका.

ड्रॉइंगचा जाड कागद घ्या, १८० ते २०० जीएसएमचा. ए-फोर कागदातून ९ सेंटिमीटरचे सहा चौकोन निघतात. वहीचा कागद चालत नाही, शाई पसरते आणि पेन्सिल घासली की त्याचा लगदा होतो. पेन काळं, पाण्याच्या शाईचं फाइनलायनर, ०.५ मिलिमीटर टोकाचं. बॉलपेनला दाब द्यावा लागतो, त्यानं बोटं आवळली जातात. जेल पेनची ओली शाई हाताला लागून फरफटते. एक पेन्सिल लागेल, टूबी असेल तर बरं. खोडरबर ड्रॉवरमध्ये ठेवा आणि ड्रॉवर बंद करा.

परमनंट मार्कर आणि अल्कोहोल मार्कर घरात आणू नका. त्यांना स्पिरिटचा वास असतो, आणि वासासारखी तलफ जागवणारी दुसरी गोष्ट नाही. तुम्हाला डॉक्टरांनी डायसल्फिरामच्या गोळ्या (ज्यांच्यावर दारू प्यायली की त्रास होतो त्या) दिल्या असतील, तर स्पिरिट असलेलं आफ्टरशेव्ह आणि काही खोकल्याची औषधंही टाळायची असतात. गोळी देताना हे सांगितलं नसेल तर विचारून घ्या. ज्यांचं व्यसन व्हाइटनर किंवा थिनरचं होतं, त्यांनी तर फक्त पेन्सिलवरच काम करावं.

आता कृती. टेबलाशी बसा, पाय जमिनीला टेकलेले हवेत. पूर्वी ज्या खुर्चीत बसून प्यायचात ती खुर्ची नको, ती खोलीही शक्य तर नको. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडे ठेवा. कागदाच्या मागे तारीख, वेळ आणि आत्ताची तलफ शून्य ते दहामध्ये किती, तो आकडा लिहा. कागद उलटा. चारही कोपऱ्यांत, कडांपासून अर्धा सेंटिमीटर आत, पेन्सिलनं एकेक ठिपका. ठिपके हलक्या रेघेनं जोडा. रेघ वाकडी गेली तर तशीच राहू द्या. त्या चौकटीत पेन्सिलनंच एक सैल वळणाची रेघ फिरवा, म्हणजे जागेचे तीन-चार तुकडे पडतील. पेन आता उचला. एका तुकड्यात एकच नक्षी, ती भरली की पुढचा तुकडा.

गती हीच यातली खरी गोष्ट आहे. श्वास सोडताना रेघ ओढायची, घेताना पेन उचलायचं. चौकोनाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंतची रेघ चार-पाच सेकंदांत यावी. घाईनं काढलेल्या नक्षीत हात चालतो आणि मन बारच्या दारात उभं असतं.

शिकायला तीन नक्ष्या पुरेत. पहिली: तुकड्याच्या कडेला चिकटून अर्ध्या वाटाण्याएवढे काळे अर्धगोल काढा, मग प्रत्येकाभोवती थोडं अंतर सोडून कमानी वाढवत न्या, शेजारच्या कमानी भेटेपर्यंत. दुसरी: दोन समांतर रेघांची पट्टी आडवी टाका, मग दुसरी पट्टी तिरकी. ही पहिलीच्या खालून गेल्यासारखी दिसली पाहिजे, म्हणजे पहिल्या पट्टीला टेकली की थांबायचं आणि पलीकडून पुन्हा सुरू करायचं. पाच-सहा पट्ट्या झाल्या की उरलेल्या फटी काळ्या करा. लक्ष सर्वांत जास्त खाते ती हीच, म्हणून तलफ मोठी असेल तर हिच्यापासून सुरू करा. तिसरी अगदी सोपी: लहानमोठी वर्तुळं एकमेकांना टेकवत तुकडा भरायचा. शेवटी पट्ट्यांच्या कडेला पेन्सिलची सावली द्या आणि टिश्यू कागदाच्या वळकटीनं ती पसरवा. मागे तलफेचा आकडा पुन्हा लिहा. एका चौकोनाला वीस मिनिटं लागतात, कधी पंचवीस.

हे काहीतरी परदेशी वाटत असेल तर ठिपक्यांची रांगोळी घ्या. सात ते चार ठिपक्यांची: मधल्या ओळीत सात, वर-खाली एकेक कमी करत चारपर्यंत, एकूण ३७ ठिपके. एकेक सेंटिमीटर अंतरावर मांडले तर तुमच्या चौकोनात नीट बसतात. ठिपके मांडतानाच मोजणी सुरू होते, आणि मोजताना दुसरं काही सुचत नाही. चातुर्मासात रोज तेहतीस गोपद्मं काढणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. रांगोळी बायकांची, हा विचार मनात आला असेल तर तो कागदाच्या मागे लिहून ठेवा आणि कामाला लागा.

थरथरीबद्दल. दारू बंद केल्यावरचा कंप बहुतेकांचा पहिल्या आठवडाभरात ओसरतो. चार महिन्यांनीही हात हलत असेल तर थायरॉइड, चालू असलेलं एखादं औषध, मज्जातंतूंना झालेली इजा किंवा नुसता दिवसाकाठी आठ कप चहा, यांपैकी काहीही असू शकतं. डॉक्टरांना दाखवा. तोवर कोपर आणि मनगट दोन्ही टेबलावर टेकवा, पेन ०.८ चं घ्या आणि चौकोन बारा सेंटिमीटरचा करा. रेघ नागमोडी येऊ द्या, पुढच्या दहा रेघा तिच्याच वळणानं ओढल्या की पाण्यासारखी नक्षी होते. आणि त्रेचाळिसाव्या वर्षी जवळचं वाचताना डोळे ताणले जात असतील तर चष्म्याचा नंबर काढून या. डोकं दुखलं म्हणून चित्र सोडून दिल्याचं कारण पुष्कळदा हेच निघतं.

आता बिघडतं कुठे ते.

सर्वांत जास्त बिघडतं वेळेत. माणूस पहिला चौकोन काढायला बसतो तेच तलफ आठवर गेल्यावर. त्या अवस्थेत नवं काही शिकता येत नाही. दोन आठवडे रोज सकाळी, मन शांत असताना, एक चौकोन काढा. हाताला नक्षी माहीत झाली की संध्याकाळी ती उपयोगी पडेल. सातची तलफ सातला येते हे ठाऊक आहे, तर पावणेसातला बसा. त्याआधी, साडेसहाला, खाऊन घ्या: भाकरी-भाजी, पोहे, पोट भरेल असं काहीही. संध्याकाळची कितीतरी तलफ ही निम्मी भूक असते. केंद्रात सांगितलं असेलच की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चार तपासा. चित्र यांपैकी एकाचीही भरपाई करत नाही. कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि पाळी बदलली की तलफेची वेळही सरकेल, त्याप्रमाणे बसण्याची वेळ बदला.

दुसरी अडचण उलट बाजूची. महिन्याभरात तीच नक्षी इतकी सवयीची होते की हात आपोआप चालतो आणि ग्लास परत दिसायला लागतो. तेव्हा नक्षी बदला किंवा डाव्या हातानं काढा. फार अवघड नक्षीही नको, चिडचिड झाली की ती पुन्हा दारूकडेच नेते.

मोबाइल समोर ठेवून काढू नका. नक्षी एकदा पाहा, कागदावर उतरवून घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जुन्या मित्रांचे फोन सातलाच येतात. गाणी लावायची असतील तर पिताना ऐकायचात ती सोडून.

काही जणांचं चित्रच नवं वेड होतं. रात्री दोनपर्यंत चौकोनामागून चौकोन, मग दिवसभर झोप आणि चिडचिड. दिवसाला दोन ही हद्द ठेवा आणि झोपण्याआधी तासभर पेन बंद. आणि एक: चौकोनात बाटली, ग्लास, बारची पाटी काढू नका. मनातलं बाहेर काढायला म्हणून काही जण ते करतात. तसं काम प्रशिक्षित कलोपचार तज्ज्ञाबरोबर करायचं असतं. एकट्यानं केलं तर तलफेला आयतं चित्र मिळतं.

तीन-चार आठवड्यांनी सगळे कागद उलटे करून नुसते आकडे वाचा. किती वाजता, कोणत्या वारी, किती वर गेली आणि कितीवर आली. समुपदेशकाकडे फॉलोअपला जाताना ते घेऊन जा. नक्षीपेक्षा तो हिशेब त्यांना जास्त सांगेल. अ‍ॅलन मार्लॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं तलफेला लाट म्हटलं आणि तिच्याशी झगडण्याऐवजी ती चढताना-उतरताना पाहायला शिकवलं. मागचे दोन आकडे म्हणजे तेच पाहणं.

आकड्यांचा एक नियम मात्र आजच ठरवा. तलफ सातच्या वर असेल तर आधी फोन, मग पेन. फोन स्पॉन्सरला, म्हणजे एएमधल्या तुमच्या मार्गदर्शक जुन्या सदस्याला, किंवा ग्रुपमधल्या कुणालाही. ते येईपर्यंत किंवा परत फोन करेपर्यंत चित्र काढा. चौकोन पूर्ण झाला आणि आकडा उतरला नाही, तर दुसरा चौकोन घेऊ नका. घराबाहेर पडा, माणसात जा. तीन नंबर एका कोऱ्या कागदावर लिहून शर्टाच्या खिशात ठेवा, फोनची बॅटरी नको तेव्हाच संपते.

मीटिंगचा प्रश्न इथे परत येतो. चित्र तुम्हाला गप्प बसवतं, आणि चार महिन्यांच्या माणसाला गप्प बसणं फार आवडू लागतं. मीटिंगमध्ये बोलावं लागतं, ऐकावं लागतं. तुम्ही स्वतःला फसवायला लागलात तर ते आधी तिथल्यांना कळतं, कारण त्यांनी तेच केलेलं असतं. एएची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये झाली तीच मुळी दोन दारुड्यांच्या आपसातल्या बोलण्यातून. तासभराचा प्रवास जड जात असेल तर जवळ दुसरा ग्रुप आहे का ते शोधा. मधल्या वारी ऑनलाइन मीटिंगला बसा, पण गुरुवार ठेवा. चालत्या एसटीत रेघ ओढता येत नाही, स्टँडवर मात्र एक चौकोन होतो. मीटिंगमध्ये कुणी आपला अनुभव सांगत असताना काढायचं असेल तर आधी ग्रुपला विचारा. काहींना चालतं, काहींना तो बोलणाऱ्याचा अनादर वाटतो.

घरच्यांविषयी थोडं. पोराटोरांचं काम असं पत्नी म्हणाल्या, तर वाद घालू नका. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू करणारे डॉ. अनिल अवचट स्वतः ओरिगामी, कोरीवकाम, चित्रं यांत रमायचे, हे सांगता येईल, पण त्यानंही फारसं साधणार नाही. पत्नींचा आक्षेप चित्रावर नाही, प्रश्न विश्वासाचा आहे, आणि तो चौकोन दाखवून परत मिळत नाही. फ्रीजवर कागद लावून शाबासकीची वाट पाहू नका. पगार हातात देणं, सांगितलेल्या वेळेला घरी येणं, याच गोष्टी त्या मोजत असणार. त्यांच्यासाठीही अल-अनॉनचे, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांचे, गट असतात, तिथे जायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

मुलीबरोबर रविवारी सकाळी खुशाल बसा, तिला तुमच्यापेक्षा चांगलं येत असेल. पण तलफ आल्यावर तिला हाक मारू नका. बापाचा आकडा उतरवणं हे आठवीतल्या मुलीचं काम नाही, आणि एकदा तिनं ते अंगावर घेतलं तर ज्या दिवशी उतरणार नाही त्या दिवशी दोष ती स्वतःकडे घेईल.

आणि घसरलातच, तर त्या रात्री चित्र काढत बसू नका, फोन करा. लपवलेला एक पेग आठवडाभराचं पिणं होतो. डायसल्फिराम चालू असताना प्यायलात आणि चेहरा लाल होऊन धडधड, श्वासाचा त्रास किंवा छातीत दुखणं सुरू झालं, तर सरळ दवाखाना गाठा.

ज्यांचं रोजचं पिणं अजून चालू आहे आणि हे वाचून उद्यापासून दारू बंद, पेन सुरू असं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास, ताप. यात जीवही जातो. आधी डॉक्टर किंवा व्यसनमुक्ती केंद्र. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही नंबर मोफत आहेत.